शस्त्रक्रिया सावळघाटाअलीकडे संपत नाही

शस्त्रक्रिया यशस्वी झाली, हे वाक्य नेमके कोणत्या दिवशी उच्चारावे? शल्यगृहाचे दार उघडते त्या घटकेस, रुग्ण घरी निघतो त्या दिवशी, की तो घरी पोहोचून तीन आठवडे सुखरूप राहिल्यानंतर? प्रश्न वरवर पाहता शब्दच्छलाचा वाटेल. जबड्याची ठेवण सुधारणाऱ्या शस्त्रक्रियांच्या बाबतीत मात्र तो जीवनमरणाचा ठरू शकतो. या शस्त्रक्रिया बहुतांशी निर्धोकपणे पार पडतात, हे आम्ही प्रारंभीच सांगून टाकतो. परंतु ज्या थोड्या रुग्णांच्या वाट्यास मोठा रक्तस्राव येतो, त्यांतील काहींना तो शल्यविशारदाच्या डोळ्यांदेखत होत नाही. आठवड्याने, पंधरवड्याने, टाके भरून येत असताना, सूज उतरू लागली असताना आणि घरच्यांच्या जिवाचा घोर मिटला असताना तो होतो. रुग्णाचे घर नाशिकच्या गंगापूर रोडवर असेल तर या उशिराच्या रक्तस्रावाचा अर्थ एक आहे, आणि ते पेठ तालुक्यात जोगमोडीच्या किंवा कोहोरच्या आसपासच्या एखाद्या पाड्यावर असेल तर त्याचा अर्थ सर्वस्वी निराळा आहे. आज आम्ही लिहीत आहोत ते या दुसऱ्या घराविषयी.

पेठसारख्या आदिवासी तालुक्यातील माणसास जबडा सरळ करून घेण्याची हौस कशाला हवी, असा प्रश्न शहरातील काही सुशिक्षितांच्या मनात येईल. हनुवटी रेखीव व्हावी, हसणे छायाचित्रात चांगले दिसावे, यासाठी ही शस्त्रक्रिया करून घेणारे लोक मोठ्या शहरांत आहेत. त्यांना आम्ही दोष देत नाही. पण या शस्त्रक्रियेची खरी गरज ज्यांना आहे ते बहुधा गरीब घरांतले असतात, आणि त्यांच्या गरजेचा सौंदर्याशी संबंध थोडा व घास चावण्याशी अधिक असतो.

दुभंगलेला ओठ आणि टाळू घेऊन जन्मलेल्या मुलाची गोष्ट पाहा. तान्हेपणी ओठ शिवला जातो, पुढे टाळू शिवली जाते, आईबाप देवाचे आभार मानतात. परंतु टाळूवरील व्रण आकसतो, वरच्या जबड्याची वाढ खुंटते, आणि खालचा जबडा मात्र आपल्या गतीने वाढत राहतो. सोळा-सतराव्या वर्षी चेहऱ्याचा मध्यभाग खोलगट झालेला असतो, वरचे दात खालच्या दातांच्या मागे जातात, भाकरीचा तुकडा तोडता येत नाही आणि बोललेले चारचौघांस कळत नाही. अशांपैकी कित्येकांचा वरचा जबडा, वाढ पुरी झाल्यावर, कापून पुढे आणावा लागतो. दुसरी गोष्ट जखडलेल्या जबड्याची. पोर झाडावरून पडते, हनुवटीवर आपटते, हनुवटीची जखम भरून येते. कानापुढचा सांधा आत मोडला आहे हे कोणाच्या ध्यानी येत नाही. कान फुटून पू वाहत राहिला तरी परिणाम कधीकधी तोच होतो. वर्षा-दोन वर्षांत सांध्याची हाडे एकमेकांस जुळून जातात आणि तोंड बोटभरदेखील उघडेनासे होते. अशा मुलाची शस्त्रक्रिया चैन म्हणावयाची काय?

ही मुले आता पूर्वीपेक्षा अधिक संख्येने शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचतात, ही समाधानाची बाब आहे. मूळचे पंढरपूरचे आणि अमेरिकेत स्थायिक झालेले डॉ. शरदकुमार दीक्षित यांनी १९६८ सालापासून कित्येक वर्षे भारतात येऊन दुभंगलेल्या ओठांच्या विनामूल्य शस्त्रक्रियांची शिबिरे घेतली, तेव्हा गावोगावच्या लोकांस प्रथमच कळले की हे व्यंग म्हणजे ग्रहणाचा शाप नव्हे, ते दुरुस्त होते. २०१३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. जन्मतः ओठ वा टाळू दुभंगलेली मुले हुडकून काढणे हे त्या कार्यक्रमाने आपल्या कर्तव्यांत घातले. धर्मादाय संस्था शस्त्रक्रियेचा खर्च उचलतात. सारांश, शोधून काढणारी व्यवस्था उभी राहिली, कापून दुरुस्त करणारी व्यवस्था उभी राहिली. घरी पाठविल्यानंतर लक्ष ठेवणारी व्यवस्था मात्र कोणी उभी केल्याचे दिसत नाही. ओठाच्या बाबतीत हे एक वेळ खपून जाते, कारण ओठ डोळ्यांसमोर असतो आणि त्यातून रक्त आले तर बोटाने दाबता येते. जबड्यामागची रोहिणी कोणाच्याही बोटास लागत नाही.

ती रोहिणी कोठे असते आणि तिला इजा कशी पोहोचते, हे थोडक्यात सांगितल्यावाचून पुढचे म्हणणे पटणार नाही. वरच्या जबड्याची जी शस्त्रक्रिया सर्वत्र केली जाते तिला ल फोर या फ्रेंच शल्यविशारदांचे नाव आहे. या गृहस्थांनी जबडा दुरुस्त करण्याची रीत काढली नव्हती; मृत देहांच्या कवट्यांवर आघात करून चेहऱ्याची हाडे कोणत्या रेषांवर तुटतात हे त्यांनी पाहिले आणि १९०१ साली ते प्रसिद्ध केले. त्यांतील सर्वांत खालच्या रेषेवर, म्हणजे दातांच्या मुळांच्या वर, नाकाच्या तळाशी, जबडा आडवा कापून मोकळा करावयाचा, हवा तेथे आणावयाचा आणि टिटॅनियमच्या पट्ट्या व स्क्रू यांनी पक्का करावयाचा, अशी आजची पद्धत आहे. ज्यूरिकचे ओब्वेगेसर यांनी १९५० ते १९७० या काळात खालच्या व वरच्या जबड्यांच्या अशा शस्त्रक्रियांना आजचे रूप दिले. जबडा मोकळा करताना अखेरची पायरी अशी की, त्याच्या मागच्या टोकास चिकटलेले कवटीचे हाड वाकड्या छिन्नीने विलग करावे लागते. ही छिन्नी शल्यविशारदास दिसत नाही; ती बोटाच्या स्पर्शावर आणि हातोडीच्या आवाजावर चालते. आणि तेथून वर जेमतेम अडीच सेंटिमीटरवर जबड्यास व नाकास रक्त पुरविणारी मोठी रोहिणी वळणे घेत गेलेली असते. तिची टाळूकडे उतरणारी शाखा तर जबड्याच्या मागच्या भिंतीतील हाडाच्या नळीतूनच खाली येते. जखडलेल्या सांध्याच्या शस्त्रक्रियेतही भीती त्याच रोहिणीची, कारण ती सांध्याच्या मानेस आतल्या बाजूने अगदी बिलगून जाते आणि हाडाचा गठ्ठा झाला की तिची जागा ओळखू येत नाही.

रोहिणी पुरती तुटली तर शल्यविशारदास ताबडतोब कळते. तो ती बांधतो, दाबतो, थांबवितो. संकट येते ते ती अर्धवट फाटली म्हणजे. शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञाने रक्तदाब मुद्दाम उतरविलेला असतो, हिरडीत ॲड्रिनॅलिनयुक्त औषध टोचलेले असते, त्यामुळे वाहिन्या आकसलेल्या असतात. फाटलेल्या जागेवर रक्ताची गुठळी बसते आणि सारे कोरडे दिसते. पुढे रुग्ण हिंडूफिरू लागतो, रक्तदाब पूर्वपदावर येतो, गुठळी विरघळू लागते, कधी आत थोडा जंतुसंसर्ग होतो. फाटलेल्या भिंतीऐवजी भोवतालच्या मांसाचे पातळ वेष्टण असलेला एक फुगा तेथे तयार होतो. वैद्यकात त्यास रोहिणीचा खोटा फुगा म्हणतात. एके दिवशी तो फुटतो. शिंक येते, ओझे उचलले जाते, नाक शिंकरले जाते, किंवा काहीही न होता झोपेतच फुटतो. कॅनडाचे डेनिस लॅनिगन व त्यांचे सहकारी यांनी १९९० साली अशा रक्तस्रावांचा जो विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला, त्यापासून जगभरचे शल्यविशारद पहिले दोन आठवडे जपून राहण्याचे मानतात; क्वचित तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातही असे घडल्याच्या नोंदी आहेत.

प्रमाण किती, हे विचारले पाहिजे, कारण भय दाखविणे हा आमचा उद्देश नाही. वरच्या जबड्याच्या एक हजार शस्त्रक्रियांचा आढावा जर्मनीतील शल्यविशारदांनी २००४ साली प्रसिद्ध केला. त्यांत रक्त द्यावे लागण्याइतका रक्तस्राव अकरा जणांस झाला. म्हणजे शेकडा एकाच्या आसपास. आणि उशिरा होणारा मोठा रक्तस्राव त्याहूनही विरळ. त्याच आढाव्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती आमच्या विषयाशी अधिक निगडित आहे. ज्यांच्या चेहऱ्याची रचना मुळातच बिघडलेली असते, दुभंगलेली टाळू असलेले रुग्ण ज्यांत येतात, त्यांना या शस्त्रक्रियेतील गुंतागुंतीचा धोका इतरांहून अधिक असतो. त्यांच्या टाळूवर जुने व्रण असतात, रक्तपुरवठा अगोदरच तोकडा असतो; रक्त वाहून जाण्याचे भय एकीकडे तर रक्त न पोहोचून जबड्याचा तुकडा, दात वा हिरडी मरण्याचे भय दुसरीकडे. तंबाखू आणि मिश्री यांची सवय असेल तर हे दुसरे भय वाढते. शिवाय आदिवासी पट्ट्यात पंडुरोग व सिकलसेल यांचा विचार भूल देण्यापूर्वीच करावा लागतो; एका साध्या रक्तचाचणीचे काम आहे. तात्पर्य, ज्यांच्या वाट्यास धोका अधिक, त्यांचीच घरे रुग्णालयापासून सर्वांत दूर. हा योगायोग खचितच नव्हे. व्यंगावर वेळीच उपचार न होणे आणि दूर राहणे ही एकाच दारिद्र्याची दोन अंगे आहेत.

आता पाड्यावर काय घडते ते पाहू. हा रक्तस्राव येतो तो बहुधा नाकावाटे, आणि पहिल्यांदा येतो तो थोडासा. चमचाभर रक्त येते, पाच मिनिटांत थांबते. आपल्याकडे नाकातून रक्त येण्यास घोळणा फुटणे म्हणतात आणि त्याचे कारण उष्णता हे ठरलेले आहे. डोक्यावर पाणी मारतात, फोडलेला कांदा हुंगवितात, रुग्णास उताणे निजवितात. एरवी या उपचाराने फारसे बिघडत नाही, कारण एरवीचा घोळणा नाकाच्या पुढच्या पडद्यावरील बारीक वाहिन्यांतून येतो आणि आपोआप थांबतो. परंतु जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर तीन आठवड्यांच्या आत आलेला घोळणा हा घोळणा नव्हेच. ती पूर्वसूचना असते. चमचाभर रक्तानंतर एक-दोन दिवस काही होत नाही, घरचे निर्धास्त होतात, आणि मग एका रात्री नाकातोंडातून धार लागते. उताणे निजविलेला रुग्ण ते रक्त गिळत राहतो. बाहेर थोडे दिसते आणि पोटात पुष्कळ साचते, पुढे काळी उलटी होते तेव्हा कळते. चाळीस किलो वजनाच्या मुलीच्या अंगात सारे मिळून अडीच-पावणेतीन लिटर रक्त असते. त्यातील तिसरा हिस्सा जाण्यास किती वेळ लागेल?

आणि वाट कोणती? पाड्यावरून पेठला यावयाचे, पेठहून नाशिकला. पेठ ते नाशिक रस्त्याने सुमारे ५५ किलोमीटर. मध्ये कोटंबीचा घाट, करंजाळी, मग सावळघाट. दिवसा, कोरड्या हवेत, चांगल्या गाडीने हा दीड तासाचा प्रवास आहे. गुजरातकडे जाणाऱ्या मालमोटारींची वर्दळ याच रस्त्यावर असते, आणि एखादी मोटार वळणावर बंद पडली की दोन्ही बाजूंस रांगा लागतात. पावसाळ्यात पेठचा पाऊस कसा असतो हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस आषाढातील रात्रीचा घाट वर्णून सांगण्याचे कारण नाही. पेठ गावापर्यंत पोहोचण्याचा वेळ यात धरलेला नाही. ज्या पाड्यावर एसटी येत नाही तेथे शेजारची जीप मिळेपर्यंतच तास जातो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी राज्यात सुरू झाली आणि तिने असंख्य जीव वाचविले आहेत, यात शंका नाही. पण गाडी वेळेवर आली तरी ती रस्ता आखूड करीत नाही.

रक्ताचे म्हणाल, तर १०४ क्रमांकावर दूरध्वनी करताच रक्ताची पिशवी रुग्णालयात पोहोचविण्याची एक योजना राज्य शासनाने २०१४ सालीच काढली होती. कल्पना नामी होती. तिची कक्षा मात्र जिल्ह्याच्या ठिकाणापासून ४० किलोमीटरांची होती. रस्त्याने मोजले तर पेठ त्या कक्षेत बसत नव्हते. पुढे ती योजनाही बंद झाली. ज्यांना रक्त मागविल्यावाचून गत्यंतर नाही त्यांच्या अलीकडेच रेषा ओढावयाची, ही आपल्या नियोजनाची जुनी खोड आहे. रक्तसंकलनात महाराष्ट्र देशात आघाडीवर असतो, याचा आपण अभिमान बाळगतो. परंतु संकलित झालेले रक्त कोणत्या शीतपेटीत, कोणत्या गावी आहे, यावर त्याचा उपयोग अवलंबून असतो. थंड पेटीत रक्त ३५ दिवस टिकते. पेठच्या ग्रामीण रुग्णालयात कोणत्याही रात्री रक्ताच्या किती पिशव्या वापरण्याजोग्या आहेत, हा आकडा रुग्णालयाच्या दाराशी फळ्यावर रोज खडूने लिहावा, अशी आमची सूचना आहे. आकडा शून्य असेल तर शून्य लिहावे. बाळंतपणातील रक्तस्राव, सर्पदंश, रस्त्यावरील अपघात, या सर्वांसाठी तो आकडा तालुक्यास ठाऊक असला पाहिजे. जबड्याचा रुग्ण हा त्या रांगेतील शेवटचा, पण त्याचाही हक्क आहेच.

ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांकडून चमत्काराची अपेक्षा कोणी करू नये. जबड्यामागची रोहिणी ते बंद करू शकत नाहीत, त्यांनी तो प्रयत्नही करू नये. मात्र नाशिकला रेफर असा शेरा मारून गाडीत घालणे हा उपचार नव्हे. रुग्णास बसते करून पुढे वाकवावे, जबडे रबरांनी वा तारेने बांधलेले असतील तर ती प्रथम कापावीत, म्हणजे रक्त श्वासनलिकेत न जाता बाहेर पडेल. हातात दोन मोठ्या सुया घालून सलाईन सुरू करावे. मग नाकात पुढून कापडी पट्टी घट्ट भरावी आणि मागून फोलेच्या कॅथेटरचा फुगा फुगवून घशाकडची वाट बंद करावी. लघवीसाठी वापरली जाणारी ही रबरी नळी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या कपाटात असते. ती नाकासाठीही वापरता येते हे ज्या डॉक्टरने एकदा करून पाहिले आहे तो घाबरत नाही, आणि ज्याने नुसते वाचले आहे तो रात्री दोन वाजता धजत नाही. म्हणून एका दिवसाचे शिक्षण पुरे. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातील कान-नाक-घसा विभागाने पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी येथील वैद्यकीय अधिकाऱ्यांना वर्षातून एकदा बोलावून हे हातांनी करवून घ्यावे. यास नवे पद नको, नवी इमारत नको, मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन तर नकोच नको.

नाशिकला पोहोचल्यावरही प्रश्न सुटला असे होत नाही. अशा रक्तस्रावावरील आजचा उत्तम उपाय म्हणजे जांघेतील वा मनगटातील रोहिणीतून बारीक नळी वर नेऊन, क्ष-किरणांच्या पडद्यावर फुटकी जागा पाहून, ती आतूनच बंद करणे. पूर्वी मानेतील मोठी रोहिणी बांधीत. अजूनही जेथे दुसरा इलाज नाही तेथे ती बांधावी लागते. परंतु चेहऱ्यास दोन्ही बाजूंनी रक्त मिळते, त्यामुळे एका बाजूची रोहिणी बांधूनही फुटकी शाखा पलीकडून भरत राहते, आणि मानेतील वाट बंद केल्यावर नंतर नळी घालणे दुरापास्त होते. हृदयाच्या रोहिण्यांत नळी घालणारी रुग्णालये नाशिकमध्ये पुष्कळ आहेत. तथापि चेहऱ्याच्या रोहिणीत नळी घालणे हे निराळे कौशल्य आहे आणि ते प्रत्येक दाराशी मिळत नाही. तेव्हा ते कोणत्या रुग्णालयात, कोणाकडे, रात्रीही मिळेल, हे शस्त्रक्रियेपूर्वी ठरवून ठेवणे हे शल्यविशारदाचे काम आहे. रुग्ण दाराशी आल्यावर दूरध्वनी फिरवीत बसणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणण्यास निघणे होय.

आता मुख्य मुद्दा. घाटापलीकडच्या रुग्णास शस्त्रक्रियेनंतर तीन आठवडे घाटाच्या अलीकडे ठेवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यासाठी रुग्णालयातील खाट अडविण्याची आवश्यकता नाही. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर रुग्णास पातळ अन्न, निवारा आणि सिव्हिलपर्यंत पंधरा मिनिटांत पोहोचण्याची सोय एवढेच लागते. नाशिक हे तीर्थक्षेत्र आहे. दर बारा वर्षांनी सिंहस्थात लक्षावधी यात्रेकरूंच्या निवासाची सोय हे शहर करते, आणि एरवीही पंचवटीत धर्मशाळांची वाण नाही. गाडगेमहाराजांनी नाशिकला, पंढरपूरला, आळंदीला धर्मशाळा बांधल्या त्या गोरगरिबांस पाठ टेकण्यास जागा मिळावी म्हणून. आणि त्यांचे नाव असलेली दादरची धर्मशाळा परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेणाऱ्या परगावच्या रुग्णांस आसरा देते. मुंबईस जे जमले ते नाशिकला जमू नये काय? घाटापलीकडून अशा शस्त्रक्रियांसाठी येणारे रुग्ण मूठभरच असणार. दोन-तीन खोल्या पुरतील.

अडचण खोलीची नाहीच. ती मजुरीची आहे. पेठ व सुरगाण्याची माणसे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामास जातात, त्यांची वर्षाची मिळकत त्या थोड्या महिन्यांत होते. मुलीबरोबर बापास तीन आठवडे नाशिकला राहावयास सांगणे म्हणजे तीन आठवड्यांच्या मजुरीवर पाणी सोडावयास सांगणे. तो राहणार नाही. आणि राहिला नाही म्हणून त्यास अडाणी म्हणण्याचा अधिकार पगारी रजा मिळणाऱ्या आम्हा-आपणांस नाही. शस्त्रक्रियेचा खर्च शासकीय योजनेतून किंवा देणगीतून होत असेल तर सोबतच्या एका माणसाची बुडालेली मजुरी त्याच खर्चात धरली पाहिजे. राज्य शासनाची जी आरोग्य योजना २०१२ साली सुरू झाली आणि २०१७ पासून महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली, तिच्या मूळ रचनेत घरी सोडल्यानंतर दहा दिवसांपर्यंतची तपासणी व औषधे अंतर्भूत होती. दहा दिवसांचा हा हिशोब हर्नियास वा मोतीबिंदूस ठीक असेल. रोहिणी ते वेळापत्रक वाचीत नाही. जबड्याच्या शस्त्रक्रियांपुरती ही मर्यादा, जेथे जेथे ती लागू होते तेथे, निदान तीस दिवसांची करण्यात तिजोरीवर काय मोठा भार पडणार आहे? ज्यास रक्तस्राव होणार नाही त्याच्यावर एक पैसाही अधिक खर्च होत नाही, आणि असे नव्याण्णव टक्के आहेत.

काही शल्यविशारद म्हणतील, असले दुर्मीळ धोके रुग्णास सांगितले तर तो शस्त्रक्रियेसच नकार देईल आणि जन्मभर जखडलेल्या तोंडाने पातळ पेज पीत राहील. हा आक्षेप आम्ही हलका लेखीत नाही. परंतु संमतिपत्रावर इंग्रजीत दहा धोके छापून त्याखाली अंगठा घेणे आणि त्या धोक्यांपैकी एक नेमका कसा ओळखावा हे कोणासही न सांगणे, यात रुग्णाचे हित कोठे आले? त्यास आकडे नकोत. नाकातून थोडेही रक्त आले, गाल एकाएकी सुजला, गालावर बोट ठेवताच ठोका लागला, काळी उलटी झाली, तर काय करावयाचे आणि कोणास कळवावयाचे, एवढे सांगितले की पुरे. आदिवासी बाप हे ऐकून पळून जात नाही. त्याने रानात याहून बिकट सूचना पाळलेल्या असतात.

म्हणून घरी सोडताना जे डिस्चार्ज कार्ड देतात ते मराठीत असावे, आणि त्याच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत तारीख असावी: अमुक तारखेपर्यंत नाकातून आलेले रक्त हा घोळणा नव्हे. तारीख शस्त्रक्रियेपासून तीन आठवड्यांनंतरची असावी. खाली रात्री उचलला जाणारा दूरध्वनी क्रमांक असावा. नाक शिंकरू नये, ओझे उचलू नये, अंगदुखीवर दुकानातील ॲस्पिरिन घेऊ नये, तंबाखू-मिश्री लावू नये, एवढी चार वाक्ये असावीत. आणि जबडे बांधलेले असतील तर कार्डास दोऱ्याने बांधलेली एक कात्री, तार असेल तर तार कापण्याची पकड असावी. ती कशी चालवावयाची ते सोबतच्या माणसाकडून एकदा करवून घ्यावे. कार्डाची एक प्रत त्याच दिवशी पेठच्या ग्रामीण रुग्णालयात जावी आणि गावच्या आशाताईंना कळवावे. पाड्यावरचे दार ठोठावून घोळणा फुटला का असे तिसऱ्या दिवशी विचारणारे माणूस तेथे अगोदरच आहे. त्यास नुसते सांगावयाचे राहिले आहे.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय आमच्याच नाशिकात, म्हसरूळला आहे. राज्यातील दंतशल्यविशारद कोणत्या परीक्षा देऊन बाहेर पडावेत हे तेथे ठरते. छिन्नी कशी धरावी हे त्या परीक्षेत विचारतात, आणि विचारलेच पाहिजे. पेठच्या रुग्णासाठी वर सांगितलेले कार्ड मराठीत लिहून दाखवा, असा एक प्रश्न तोंडी परीक्षेत घालण्यास कोणत्याही कायद्यात दुरुस्ती करावी लागत नाही. पुढच्या परीक्षेपासूनच तो घालता येईल.